एक्स-रे नॉर्मल आहे, मग सीटी कशाला?

पन्नाशी उलटली की मुलं आई-वडिलांना ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज घेऊन देतात. रक्ताच्या पन्नास-साठ चाचण्या, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक एक्स-रे. फाइलीत ‘छाती नॉर्मल’ असं वाचलं की तीस वर्षं सिगारेट ओढलेला गृहस्थही निर्धास्त होतो, आणि लॅबच्या पायऱ्या उतरून कोपऱ्यावरच्या टपरीवर पुढची शिलगावतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की फुफ्फुसाचा कर्करोग लवकर पकडण्याच्या कामी हा एक्स-रे जवळजवळ निरुपयोगी आहे.

हे कुणा एका डॉक्टरचं मत नाही. अमेरिकेत दीड लाखाहून अधिक लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. अर्ध्या लोकांचा दरवर्षी छातीचा एक्स-रे काढला, उरलेल्यांचा नाही. २०११ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांत फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेलेल्यांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक नव्हता. कारण साधं आहे. एक्स-रे म्हणजे अख्ख्या छातीची एका पातळीवर पडलेली सावली. बरगड्या, गळपट्टीचं हाड, हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या हे सगळं एकावर एक येतं, आणि त्यामागे हरभऱ्याएवढी गाठ सहज दडून राहते. ती एक्स-रेवर ठळक दिसू लागते तोवर बऱ्याचदा आजूबाजूच्या ग्रंथींपर्यंत पोचलेली असते.

त्याच वर्षी दुसऱ्या एका अमेरिकी प्रयोगाचे निकाल आले. ५५ ते ७४ वयाच्या, भरपूर सिगारेटी ओढलेल्या ५३ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांपैकी निम्म्यांचा एक्स-रे काढला होता आणि निम्म्यांचा कमी मात्रेचा सीटी स्कॅन, वर्षातून एकदा असं तीन वेळा. सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. २०२० मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या अभ्यासाने याला दुजोरा दिला; तिथे दहा वर्षांनी पुरुषांमधले मृत्यू २४ टक्क्यांनी घटलेले दिसले. तेव्हा सीटी कशाला, या प्रश्नाचं उत्तर आता संशोधनातूनच मिळालेलं आहे. आपल्याकडे ते घरोघरी पोचलेलं नाही, एवढंच.

न पोचण्याला आपली म्हणून काही कारणं आहेत. महाराष्ट्रात तंबाखू म्हटलं की डोळ्यांपुढे चुना मळणारा हात येतो, नाही तर मशेरी लावणारी बाई. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातले जवळपास चोवीस टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू खाणारे निघाले, आणि ओढणारे जेमतेम चार टक्के. त्यामुळे जागृतीची सगळी शिबिरं तोंडाच्या कर्करोगाभोवती फिरतात. सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी आहे, फुफ्फुसाची नाही. पण चार टक्के म्हणजे लाखो माणसं, आणि त्यांच्या घरात तो धूर घेणारी वेगळीच. देशात दरवर्षी फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ८० हजारांच्या आसपास नवे रुग्ण नोंदले जातात आणि मृत्यूंचा आकडाही त्याच्या फार मागे नसतो. या दोन आकड्यांमधलं अंतर इतकं कमी का, तर बहुसंख्य रुग्ण तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात दवाखान्याची पायरी चढतात.

यात रुग्णाचा दोष थोडा आणि शरीराच्या रचनेचा जास्त. फुफ्फुसाच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. दुखतं ते फुफ्फुसावरचं आवरण, छातीची भिंत, हाडं. गाठ तिथवर पोचेपर्यंत माणूस जिने चढत असतो, बाजार करत असतो. थोडा खोकला असतो, पण ओढणाऱ्याला खोकल्याचं नवल वाटत नाही. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की रोग फुफ्फुसापुरता असताना सापडला तर दहापैकी सहा जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. लांबच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर दहात एकही धड उरत नाही.

आता कारणांकडे. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये या रोगाचे मृत्यू झपाट्याने वाढले, तेव्हा संशोधक रिचर्ड डॉल यांना संशय होता तो मोटारींच्या धुराचा आणि रस्त्यावरच्या डांबराचा. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्यासोबत त्यांनी लंडनच्या रुग्णालयांत शेकडो रुग्णांना प्रश्न विचारले आणि १९५० मध्ये निष्कर्ष छापला: सिगारेट. डॉल स्वतः ओढत असत. हे आकडे हाती आल्यावर त्यांनी सोडली. पुढे १९५१ पासून त्यांनी ३४ हजारांवर ब्रिटिश पुरुष डॉक्टरांचा मागोवा घेतला, तो पन्नास वर्षं चालला. आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. पण त्याच अभ्यासात एक दिलासाही होता. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना तीन वर्षं परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ. ‘आता या वयात सोडून काय उपयोग’ म्हणणाऱ्या प्रत्येक काकांना हे आकडे ऐकवावेत.

सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यांतली सुमारे सत्तर कर्करोगाला कारण ठरतात. बेन्झोपायरिनसारखी रसायनं थेट पेशीतल्या डीएनएला चिकटून तो बिघडवतात. असे बिघाड वर्षानुवर्षं साठत जातात. म्हणून हा रोग पंचविशीत क्वचित दिसतो आणि साठीत सर्रास. फिल्टरने किंवा सडपातळ सिगारेटने यात फरक पडत नाही. धूर सौम्य वाटला की माणूस झुरका खोल घेतो.

डॉक्टरांच्या खोलीत नेहमी ऐकू येणारं एक उत्तर आहे: “सिगारेट? छे! फक्त विडी ओढतो.” या ‘फक्त’ने फार नुकसान केलंय. सिन्नर, सोलापूर, भंडारा-गोंदिया या भागांत विडीने हजारो घरं चालवली, तेंदूच्या पानात गुंडाळलेली वस्तू म्हणून ती गावठी आणि निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात विडीत तंबाखू कमी असली तरी पान सच्छिद्र नसल्यामुळे ती सारखी विझते. पेटती ठेवायला ओढणारा जास्त वेळा आणि जोरात झुरके मारतो. टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकं किंवा त्याहून जास्त आत जातं. जोखीम मोजताना विडीला कसलीही सूट देऊ नका. हुक्क्यालाही नाही, पाण्यातून गेल्याने धूर ‘धुतला’ जात नाही.

न ओढणाऱ्यांचं काय? पाश्चात्त्य देशांत या कर्करोगाचे दहातले आठ-नऊ रुग्ण ओढणारे किंवा कधीकाळी ओढलेले असतात. आपल्या मोठ्या रुग्णालयांत न ओढणाऱ्यांचा वाटा त्याहून बराच मोठा दिसतो आणि बायकांमध्ये तर त्यांचीच संख्या अधिक. याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. नवऱ्याच्या विडीचा धूर हे एक. चुलीचा धूर हे दुसरं: कोळशाचा घरगुती धूर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नक्की कर्करोगकारक ठरवलाय, लाकूड-गोवऱ्यांचा बहुधा कर्करोगकारक. घरात गॅस असूनही पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटतेच, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. त्याच संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला आणि २०१३ मध्ये बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला नक्की कर्करोगकारकांच्या यादीत घातलं. जवळच्या नात्यात कुणाला हा रोग झालेला असणं, पूर्वी टीबी होऊन फुफ्फुसावर व्रण राहिलेला असणं, यांनीही धोका वाढतो.

कामाच्या जागेबद्दल आपण फारच कमी बोलतो. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून आत गेले की निघत नाहीत, आणि कर्करोग व्हायला वीस ते चाळीस वर्षं लागू शकतात; तोवर माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला असतो. मुंबईच्या दारूखान्यात जहाजं तोडणारे, बॉयलरचं जुनं आवरण काढणारे, सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात काम केलेले, ब्रेक लायनर घासणारे गॅरेजवाले या सगळ्यांनी डॉक्टरांना आपला जुना धंदा न विचारता सांगावा. खडी क्रशरवर सिलिकाची धूळ खाल्लेल्यांनीही. ॲस्बेस्टॉस आणि सिगारेट दोन्ही असतील तर धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. घरावर जुने ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आहेत म्हणून घाबरून जाण्याचं मात्र कारण नाही. अखंड पत्र्याचा धोका कमी. तो करवतीने कापणं, ड्रिल मारणं, फोडून त्याचा चुरा झाडूने लोटणं टाळा. काढायचाच झाला तर ओला करून अखंड उतरवा.

सीटी कुणी करावा, हे ठरवायला एक सोपा हिशेब पुरतो. रोजच्या विड्या-सिगारेटींची संख्या गुणिले ओढल्याची वर्षं. रोज दहा, चाळीस वर्षं: चारशे. रोज वीस, वीस वर्षं: पुन्हा चारशे. अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञ मंडळाने २०२१ मध्ये जी शिफारस केली ती या हिशेबात मांडली तर अशी होते: वय ५० ते ८०, गुणाकार चारशे किंवा त्याहून जास्त, आणि अजून ओढत असाल किंवा सोडून पंधरा वर्षं झाली नसतील, तर दरवर्षी कमी मात्रेचा सीटी. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०२३ मध्ये पंधरा वर्षांची अटही काढून टाकली, कारण सोडल्यावर धोका उतरत जातो पण न ओढणाऱ्याच्या पातळीला येत नाही. इंटरनेटवर हाच हिशेब पाकिटांत केलेला दिसेल. तिथलं पाकीट वीस सिगारेटींचं असतं, आपल्याकडे दहाचं सर्रास मिळतं, त्यामुळे पाकिटं मोजणारा हमखास फसतो. टपरीवरून सुट्ट्या घेणाऱ्याला तर पाकीट माहीतच नसतं. राज्यात सुट्ट्या विक्रीवर २०२० मध्ये बंदी आली, पण ती कितपत पाळली जाते हे चौकात उभं राहून बघावं. कांड्याच मोजा. आणि बायकोला विचारा, तिचा आकडा जास्त खरा असतो.

ही अमेरिकी शिफारस आहे, हे विसरू नये. ज्या बाईने आयुष्यात कधी ओढलंच नाही, तिला या नियमात जागा नाही. तैवानने २०२२ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मात्र ओढणाऱ्यांबरोबर, ज्यांच्या कुटुंबात हा रोग झालाय अशांनाही घेतलं, कारण तिथेही न ओढणाऱ्या रुग्णांची संख्या मोठी आहे. आपल्याकडे आई, वडील किंवा भावंडाला फुफ्फुसाचा कर्करोग झाला असेल तर, ओढत नसलात तरी, छातीरोगतज्ज्ञाशी एकदा बोलून घेणं शहाणपणाचं. पण ज्याला यातलं काहीच लागू होत नाही अशा पस्तिशीतल्या निरोगी माणसाने ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून सीटी करू नये. पॅकेजमध्ये कॅन्सर मार्कर म्हणून लावलेल्या रक्तचाचण्यांवरही पैसे घालवू नयेत. त्यांनी हा रोग लवकर सापडत नाही.

तपासणी अगदीच साधी आहे. सुई नाही, इंजेक्शन नाही, उपाशी राहायचं नाही. टेबलावर आडवं व्हायचं, हात डोक्यामागे घ्यायचे, श्वास रोखायचा. काही सेकंदांत काम होतं. किरणांची मात्रा नेहमीच्या छातीच्या सीटीच्या साधारण पाव. त्यामुळे सेंटरवर नाव नोंदवताना ‘कमी मात्रेचा, बिनइंजेक्शनचा, तपासणीसाठीचा’ असं स्पष्ट सांगा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तसंच लिहून घ्या. नाही तर नेहमीचा, कॉन्ट्रास्ट घालून केलेला महाग स्कॅन हातात पडतो.

खरी परीक्षा रिपोर्ट आल्यावर सुरू होते. ५३ हजार लोकांवरच्या त्या अमेरिकी प्रयोगात सीटीत काहीतरी संशयास्पद दिसलेल्या शंभर जणांपैकी शहाण्णवांना कर्करोग नव्हता. जगातले चतुर्थांश टीबी रुग्ण ज्या देशात आहेत, तिथे जुन्या व्रणांचे आणि चुनखडी झालेल्या गाठींचे ठिपके आणखी जास्त दिसणार. तेव्हा रिपोर्टात ‘नोड्यूल’ हा शब्द वाचून रात्रभर गूगल करत बसू नका. सहा मिलीमीटरच्या आतली गाठ बहुधा नुसती लक्षात ठेवायची असते; त्याहून मोठीचा तीन किंवा सहा महिन्यांनी पुन्हा सीटी करून ती वाढतेय का ते बघतात; मोठी, काटेरी कडांची किंवा वाढणारी असेल तरच पेट स्कॅन आणि तुकडा तपासणं. ही वाट बघणं अनेकांना सहन होत नाही, आणि ‘काढूनच टाका’ म्हणणारे नातेवाईक डॉक्टरांवर दबाव आणतात. निरुपद्रवी गाठीसाठी छाती उघडणं हा या तपासणीचा सर्वांत मोठा तोटा आहे. म्हणून असा सीटी एखाद्या सेंटरवर परस्पर करून येऊ नये; रिपोर्ट वाचून पुढची दिशा देणारा छातीरोगतज्ज्ञ आधी ठरवावा. आणि ज्यांना दुसऱ्या आजाराने शस्त्रक्रिया झेपणारच नाही, त्यांना ही तपासणी करून फारसं काही हाती लागत नाही.

इथवरचं सगळं लक्षणं नसलेल्यांसाठी होतं. लक्षण असेल तर हिशेब, वय, अटी सगळं बाजूला ठेवा. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला किंवा बदललेला खोकला, बेडक्यात रक्ताची रेघ, बसलेला आणि न सुटणारा आवाज, एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, कारण नसताना उतरलेलं वजन, खांद्यातून हातात उतरणारं न थांबणारं दुखणं, बोटांची टोकं फुगून नखं गोलसर होणं, चेहऱ्यावर आणि मानेवर सूज. यांतलं काहीही अंगावर काढू नये.

आणि इथे आपल्याकडचा सर्वांत महागडा घोटाळा होतो. खोकला, रक्त, वजनात घट, एक्स-रेवर डाग: सगळं टीबीसारखं. टीबी सर्रास आढळतो, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात तोच आधी येतो आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते जंतू न शोधता सहा महिन्यांचा कोर्स सुरू करणं. टीबीची गोळी घेण्याआधी विचारा: बेडका तपासला का? टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी केली का? सरकारी केंद्रात ती मोफत होते. जंतू सापडले नाहीत आणि औषध घेऊन महिना-दीड महिन्यात उतार नाही, तर ‘कोर्स पूर्ण होऊ द्या’ यावर थांबू नका. सीटी आणि गरज पडल्यास दुर्बिणीने तपासणी मागा. तोंडी मागायला संकोच वाटत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. कोर्स संपेस्तोवर पहिल्या टप्प्यातला रोग तिसऱ्यात गेलेला असू शकतो.

तुकडा काढायचं म्हटलं की घरात कुजबुज सुरू होते, सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणे. या भीतीपोटी महिने वाया घालवू नका. तुकड्याशिवाय उपचार ठरत नाहीत, आणि आता तर त्या तुकड्यावर जनुकांची तपासणीही होते. ईजीएफआरसारख्या जनुकात बदल सापडला तर केमोऐवजी रोज एक गोळी, असं होऊ शकतं. न ओढणाऱ्या भारतीय रुग्णांत हा बदल बऱ्याच जणांत असतो. लवकर सापडलेल्या रोगात फुफ्फुसाचा एक खंड काढून काम भागतं, तेही अनेकदा दुर्बिणीतून. परळचं टाटा रुग्णालय सर्वांना ठाऊक आहे, पण देशातली शेकडो केंद्रं आता नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये त्याच्याशी जोडलेली आहेत; मुंबईला जाण्याआधी आपल्या विभागातलं केंद्र विचारा, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधीच विचारून घ्या.

सीटी स्वच्छ आला म्हणजे ओढायचा परवाना मिळाला, असा समज करून घेऊ नका. सीटीने फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू वीस टक्क्यांनी कमी होतात. सिगारेट सोडल्यावर दहा वर्षांत या कर्करोगाचा धोका जवळपास निम्म्यावर येतो, आणि हृदयाचा फायदा वेगळाच. याला जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा पर्याय नाही. १९९४ मध्ये फिनलंडच्या ओढणाऱ्या पुरुषांवरच्या अभ्यासात बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग उलट जास्त झाला. गाजर खा, गोळी नको.

घरात पन्नाशीपुढचं कुणी ओढणारं असेल तर या रविवारी त्यांच्याशेजारी बसून तो गुणाकार करा. चारशे किंवा त्याहून जास्त आला तर छातीरोगतज्ज्ञाची वेळ घ्या. जाताना जुने एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म घेऊन जा. दोन वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तोच ठिपका तेवढाच दिसला तर पुढच्या कित्येक तपासण्या वाचतात, म्हणून त्या रद्दीत टाकू नका. आणि ओढणं थांबवायला मदत हवी असेल तर पाकिटावरच छापलेला राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक आहे, १८००-११-२३५६. फोनला पैसे पडत नाहीत.